तापीस्मरण

कन्यारत्न घरी आल्यापासून बारशापर्यंत बाळंतिणीस झोप, बाळास दूध आणि इतरेजनांस डिंकाचे लाडू वेळच्या वेळी मिळत गेले म्हणजे प्रपंच सुरळीत चालला आहे असे समजण्याचा आमच्या वेळी रिवाज होता. नाव ही बाब इतकी किरकोळ मानली जाई की, पाळण्याच्या दोरीला हात लागेपर्यंत त्याविषयी कोणी तोंड उघडीत नसे, आणि उघडलेच तर घराण्यातील एखाद्या दिवंगत आजीचे नाव उच्चारून पुन्हा लाडवाकडे वळत असे. हल्ली हा सारा कारभार उलटला आहे. हल्ली नाव ‘युनिक’ असावे लागते. म्हणजे त्या नावाची दुसरी मुलगी वर्गात, इमारतीत, दोन्हीकडच्या सोयरिकीत आणि शक्य तर भरतखंडात निघता कामा नये. मात्र ते कानी पडताच प्रत्येकाने ‘वा, किती गोड’ असेही म्हटले पाहिजे, आणि ज्या नावाचे कोडकौतुक सर्वांनी करावयाचे ते थोडेतरी सर्वांच्या ओळखीचे असावे लागते, हे सांगावयास गेले की सांगणारा जुन्या मताचा ठरतो.

माझी भाची जळगावास असते. तिला मुलगी झाल्याची वार्ता आली त्याच दिवशी, बाळाचे वजन सांगून होते न होते तोच, नावाचे फर्मान सुटले.

‘मामा, नाव छोटं हवं. अर्थ हवा. संस्कृत हवं, पण जुनं वाटायला नको. कुणाचंही नको. आणि परदेशात उच्चारता आलं पाहिजे.’

‘परदेशात कोण जाणार आहे?’

‘ती,’ भाची म्हणाली. ती त्या वेळी कापडात गुंडाळलेली, डोळे मिटून जांभया देत होती.

या कामी माझीच नेमणूक व्हावी याचे कारण माझी विद्वत्ता नसून माझे गाव आहे. मी धुळ्यास राहतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1926 साली जेथे देह ठेवला, ज्यांच्या नावे येथे संशोधन मंडळ उभे राहिले, ज्यांनी धातूंचा आणि नामादि शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश करण्यासाठी आयुष्य वेचले, त्यांच्या गावच्या माणसास कोणत्याही शब्दाचे मूळ विचारावे आणि त्याने ते उभ्या उभ्या सांगावे, अशी जळगावकरांची समजूत आहे. मी त्या मंडळाच्या रस्त्याने नित्य दूध आणावयास जातो. व्युत्पत्तिशास्त्राशी माझा एवढाच संबंध. पण सोयरिकीत असल्या सनदेची रुजुवात कोणी करीत नाही, आणि मीही ती करा म्हणून आग्रह धरला नाही.

पुढची अडचण गुरुजींनी उपस्थित केली. पंचांग उघडून त्यांनी मुलीचा जन्म स्वातीच्या चौथ्या चरणावर झाल्याचे जाहीर केले. स्वातीच्या चार चरणांस रू, रे, रो आणि ता ही अक्षरे नेमून दिलेली आहेत. पहिल्या तिघांना रूपाली, रेखा, रोहिणी असा पोटापाण्यापुरता साठा मिळतो. चौथ्यावर ‘तारा’ उच्चारले की दुकान बंद. आणि तारा नावाच्या तर भाचीला दोन चुलतसासवा, पैकी एकीशी बोलणे नाही. तेव्हा जावईबापूंनी मोबाइल काढला. त्यात नावांची अकारविल्हे यादी होती व प्रत्येकापुढे अर्थ दिलेला होता.

‘ताश्वी,’ ते म्हणाले. ‘अर्थ : देवी.’

‘कोणती देवी?’

‘ते दिलेलं नाही, मामा. तायशा. अर्थ : देवीचं दुसरं नाव.’

‘पहिले कोणते?’

जावईबापू सालस आहेत. त्यांनी पुढचे पान उघडले. त्या यादीत ज्या शब्दास काही अर्थ सापडला नाही तो लक्ष्मीस, उरलासुरला पार्वतीस आणि त्यातूनही जो शिल्लक राहिला तो ‘सूर्याचा पहिला किरण’ या खात्यावर जमा केलेला दिसत होता. राजवाडे हयात असते तर त्यांनी यादी आणि मोबाइल दोन्ही पांझरेत फेकून दिले असते. मी फक्त चष्मा पुसला.

माझ्याकडून दोन तजविजी मी आधीच सादर केल्या होत्या, त्यांचा निकाल सांगून टाकतो. पहिली ‘लीलावती’. चाळीसगावजवळच्या पाटण्यास भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. तेव्हा आचार्यांच्या गणितग्रंथाचे हे नाव म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या घरचेच, असे मी प्रतिपादिले. अक्षर जुळत नसले तरी पाळण्यातले नाव वेगळे आणि व्यवहारातले वेगळे ठेवता येते, हेही सांगितले. भाची म्हणाली, ‘मामा, ते मुंबईतलं हॉस्पिटल आहे.’ दुसरी ‘बहिणा’. असोद्यास 1880 साली जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या ज्या बाईने जात्यावर बसून केलेली कविता आचार्य अत्र्यांनी तिच्या पश्चात 1952 साली उजेडात आणली, जिचे नाव 2018 साली जळगावच्या विद्यापीठास देण्यात आले, तिच्या नावाहून दुर्मिळ नाव ते कोणते? विद्यापीठास ते नाव दिले तेव्हा आमच्या सोयरिकीतील मंडळींनी कडाडून टाळ्या वाजविल्या होत्या; तेच नाव पाळण्यास द्यावे म्हणताच सगळे एकदम बाळाची टोपी सारखी करू लागले.

खरा फैसला व्हावयाचा होता तो भरिताच्या दिवशी. हिवाळा होता, बामणोदची वांगी आली होती, आणि परसात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर ती भाजली जात होती. वांग्याची साल तडकून आतला पांढरा हिरवट गर धुरकट वासासह बाहेर येतो, तो लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या व लसणीसह ठेचला जातो, वर कांद्याची पात पडते आणि पुऱ्यांचा घाणा उतरतो, त्या घटकेस खानदेशी मनुष्य कोणत्याही मसुद्यावर सही करावयास तयार असतो. हा मुहूर्त जिजींनी अचूक साधला. जिजी म्हणजे बाळाची पणजी. वय नव्वदीच्या आसपास, दात नाहीत, मते सर्व शाबूत.

‘ता पाह्यजे ना तुम्हाले?’ त्या पुरी भरितात बुडवीत म्हणाल्या. ‘मंग तापी ठेवा. माह्या सासूचं नाव व्हतं ते. तापीबाई.’

क्षणभर फक्त काड्यांचा तडतडाट ऐकू आला. नंतर सर्वजण एकदम बोलू लागले.

नाव दोन अक्षरी, अर्थ आहे, संस्कृतोद्भव आहे, चरणाक्षर जुळते, आणि एके काळी खानदेशात घरोघर एक तापीबाई असली तरी आता औषधास मिळणार नाही. म्हणजे फर्मानातील कलमन् कलम पाळले गेले होते. अर्थात त्यामुळेच हरकतींचा पाऊस पडला. जावईबापूंनी मोबाइलमध्ये पाहून कळविले की, तापी ही तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि इंडिया या चार देशांच्या आद्याक्षरांची नैसर्गिक वायूची नळी असून तिचे काम 2015 साली सुरू झाले, पण वायू अद्याप इकडे पोचलेला नाही.

‘वायूचं नाव नको बाई,’ विहीणबाई कळवळून म्हणाल्या, ‘आधीच तिला रात्रभर धरतो.’

सुरतेहून आलेले मावसे आजवर पुऱ्यांखेरीज कशाविषयी बोलले नव्हते. ते हात धुऊन आले. खानदेशातील निम्मी सोयरीक उधना-लिंबायत भागात पोटासाठी गेलेली आहे, त्यांपैकी ते एक. ‘तुम्ही लोक तिची ओटी भरता,’ ते म्हणाले, ‘2006 च्या ऑगस्टात ती आमच्याकडे न सांगता मुक्कामाला आली. आम्ही गच्चीवर, ती खाली. फ्रिज घेऊन गेली. ते नाव मला रोज ऐकवू नका.’

मग व्याह्यांनी गळा साफ केला. ते पंचांगाशिवाय घराबाहेर पाऊल टाकीत नाहीत. ‘तापी कोण?’ त्यांनी विचारले आणि उत्तरही दिले. ‘सूर्य आणि छायेची कन्या. तिचा सख्खा भाऊ कोण? शनी! म्हणजे साडेसातीचा मामा पाळण्याशी कायमचा आणून बसवायचा?’

मामा या शब्दावर दोघातिघांनी माझ्याकडे पाहिले. मी पुरी घेतली.

एवढ्यावर भागले असते. पण शेजारच्या निवृत्त शास्त्रीबुवांनाही भरितास बोलावलेले होते. त्यांनी मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाचा आधार काढून नक्षत्राचे, वृक्षाचे, नदीचे, पर्वताचे, पक्ष्याचे अथवा सर्पाचे नाव धारण करणारी कन्या वरू नये असा निषेध सांगितला. या आधाराने उपस्थित स्त्रीवर्गाची झडती घेता रोहिणी, चित्रा, रेवती ही तीन नक्षत्रे, एक यमुना, एक गोदावरी आणि एक मैना तात्काळ रद्दबातल ठरली. त्यांपैकी गोदावरी या शास्त्रीबुवांच्याच पत्नी. त्या त्यांच्या पानात भरीत वाढावयास वाकल्या होत्या. त्या तशाच सरळ झाल्या आणि पुढच्या पानाकडे गेल्या. शास्त्रीबुवांनी त्यानंतर मनूच्या दुसऱ्या अध्यायाचा उल्लेख केला, ज्यात स्त्रीचे नाव सुखाने उच्चारता येणारे, स्पष्टार्थ, मनोहर, मंगल आणि दीर्घ स्वराने संपणारे असावे असे म्हटले आहे. पण भरीत संपले होते.

आता माझी कैफियत ऐकावी अशी जिजींची इच्छा दिसली. धुळ्याहून निघताना, एरंडोल-पारोळ्याचा रस्ता वेळ काढावयास लावणार हे गृहीत धरून मी आदिपर्व बरोबर घेतले होते, म्हणून माझ्याजवळ अनायासे दारूगोळा होता. महाभारतात तिचे नाव तपती. हस्तिनापुरचा राजा संवरण मृगयेस गेला असता डोंगरात त्याचा घोडा भुकेतहानेने मेला, आणि पायी हिंडताना ही सूर्यकन्या दृष्टीस पडून राजा मूर्च्छित पडला. शेवटी वसिष्ठांनी स्वतः सूर्याकडे जाऊन मागणी घातली. तिचा पुत्र कुरू, ज्याच्या नावाने कौरव. एक गंधर्व अर्जुनास ‘तापत्य’ म्हणून हाक मारतो, तेव्हा अर्जुन चकित होऊन विचारतो, आम्ही कुंतीचे पुत्र, हे तापत्य कोठून आले?

‘म्हणजे अर्जुनाला स्वतःच्या पणजीचं नाव माहीत नव्हतं?’ भाची म्हणाली.

‘पणजीच्याही वरची. पण तुम्ही सांगा पाहू आपापल्या पणजीचे नाव.’

अर्जुनाची इभ्रत त्या दिवशी वाचली. जावईबापूंनी छताकडे पाहिले, व्याह्यांनी पंचांग चाळले, सुरतेच्या मावशांनी ‘ती लवकर गेली’ अशी नोंद दिली. मी स्वतः दूध उतू जात आहे का ते पाहावयास आत गेलो.

परत आलो तो व्याह्यांनी पुढचे पान वाचून ठेवलेले. लग्नानंतर संवरण राज्यकारभार मंत्र्यावर सोपवून बायकोसह बारा वर्षे डोंगरातच रमला, आणि तेवढा काळ इंद्राने राज्यावर पावसाचा थेंब पाडला नाही, हे त्यांनी विजयी मुद्रेने वाचून दाखविले. ‘बारा वर्षं! आणि आपली केळी पाण्यावर!’ केळीचा विषय निघाल्यावर जळगाव जिल्ह्यात वाद जिंकता येत नाही. मी विषय देशांतरी नेला. सयामच्या वजिरावुध राजाने 1915 साली आपल्या दक्षिणेकडील एका गावास सुरत ठाणी असे नाव दिले आणि तेथल्या नदीस, आपल्या सुरतेपाशी वाहते म्हणून, तापी म्हटले. ती नदी आजही तिकडे त्याच नावाने वाहते. हत्ती, सुवर्णछत्र आणि राजमुकुट बाळगणाऱ्या नृपतीस जे नाव समुद्रापलीकडून आणवून घ्यावेसे वाटले ते आपल्या दारातील असून आपल्याला नको, असे मी किंचित आवाज चढवून म्हणालो.

‘म्हणजे युनिक नाही,’ भाची म्हणाली. ‘थायलंडमध्ये आहे.’

राहता राहिला हुकमाचा एक्का. गंगेत स्नान केल्याने, नर्मदेच्या दर्शनाने आणि तापीच्या नुसत्या स्मरणाने पाप जाते, अशी जुनी श्रद्धा आहे. मी ही बाब निव्वळ जमाखर्चाच्या अंगाने मांडली. गंगा म्हणजे भुसावळहून गाडी, आरक्षण, पंडे. नर्मदा म्हणजे निदान ओंकारेश्वरापर्यंत एसटी आणि एक मुक्काम. तापी म्हणजे घरबसल्या, विनामूल्य. अजामिळाने मुलाचे नाव नारायण ठेवून शेवटी एका हाकेत मोक्ष पदरात पाडून घेतला. येथे तर मुलीला दिवसातून शंभर वेळा ‘तापी, नळ बंद कर’, ‘तापी, भिंतीवर लिहू नको’ असे ओरडावे लागणार, आणि दर ओरड्यास घरातील कोणाच्या तरी पातकाची परस्पर फेड होणार. मूल जितके द्वाड निपजेल तितके कुटुंब शुद्ध! व्याह्यांचा केळीच्या वजनकाट्याशी दीर्घकाळ संबंध आलेला असल्यामुळे ते प्रथमच विचारमग्न दिसले.

तेव्हा तोडगा निघाला, आणि तोडगा नेहमी सर्वांस सारखाच नापसंत असतो. शास्त्रीबुवांनी पारस्कर गृह्यसूत्र काढले : स्त्रीचे नाव विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे. तापी दोन अक्षरी, म्हणून सम. ईकारान्त, म्हणून तेही नाही. मूळचे ‘तपती’ घेतले तर अक्षरे तीन होतात, निदान अर्धे शास्त्र सांभाळले जाते. पण मग पहिले अक्षर ‘त’, ‘ता’ नव्हे, असा मुद्दा गुरुजींनी दूरध्वनीवरून उपस्थित केला. ‘तापती’ म्हटले तर तो दोष जातो. मात्र ताप्ती व्हॅली रेल्वेत उमेदवारी केलेल्या वडिलांचे चिरंजीव असलेले एक गृहस्थ ‘त्या गाडीला फार उशीर होई’ म्हणून हळहळले. तपती म्हटले की चहा आठवतो, असे सुरतेकडून मत आले. तपतीचा अर्थ तापणारी. आमच्याकडे वैशाखात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा हे नाव मुलीचे की हवामानखात्याचे, असे कोणीसे विचारले. सभा तहकूब झाली.

बाहेर पडलो तो रिक्षावाला धुळ्याकडचा निघाला. त्याने आतील गदारोळ ऐकलेला होता. ‘भाऊसाहेब,’ तो म्हणाला, ‘तापी ते आपली माय शे. नाव ठेवाले काय हरकत शे?’ पंडितसभेत जे एका वाक्यात कोणास सांगता आले नाही ते त्याने सांगितले, आणि भाडेही त्या मानाने घेतले.

बारशाच्या दिवशी पाळण्यास फुलांच्या माळा, खाली समई, घुगऱ्यांचे पातेले आणि मध्यभागी नाशिकहून आलेली आत्या. नाव कानात सांगण्याचा हक्क आत्याचा. तिला स्वयंपाकघरात भाचीने ‘ताश्वी’ सांगितले होते, ओसरीवर व्याह्यांनी ‘तपती’, आणि पाळण्याजवळ जिजींनी तिचे मनगट घट्ट धरून काय सांगितले ते सर्वांस ठाऊक होते. आत्या वाकली. ‘कुर्र’ म्हणून तिने बाळाच्या कानाशी तोंड नेले मात्र, मागे उभ्या असलेल्या पोरीबाळींनी तिच्या पाठीत रिवाजाप्रमाणे असे धपाटे घातले की तिच्या मुखातून निघाले ते नाव होते, की नुसताच ‘आई गं’, याविषयी आजतागायत एकवाक्यता नाही. आत्या म्हणते, जे सांगायचे ते सांगितले. कोणी सांगितलेले, ते मात्र बोलत नाही. तिला तिन्ही पक्षांकडून साड्या मिळाल्या.

आता जन्मनोंदीचा प्रश्न. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा आहे, आणि तो करणाऱ्यास हिंदुस्थानी कुटुंबाची सखोल जाण असली पाहिजे. कारण त्यात नावावाचून जन्माची नोंद करता येते. नाव पुढे बारा महिन्यांत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येते. मी हे समजावून सांगितले ते दाखला लवकर व्हावा म्हणून. घरातील मंडळींनी मात्र पंधरा वर्षांची मुदतवाढ मंजूर झाली असा त्याचा अर्थ लावला. कचेरीतील कारकुनाने नावाचा रकाना कोरा ठेवून विचारले, ‘बाळाला सध्या काय म्हणता?’ जावईबापू म्हणाले, ‘बाळ.’

‘नव्वद टक्के लोक तेच म्हणतात,’ कारकून म्हणाला आणि शिक्का उमटविला.

जिजींस रकान्याशी कर्तव्य नाही. ‘कागदावर काय लिव्हायचं ते लिव्हा,’ त्या म्हणाल्या, ‘हाक मी मारीन.’ आणि त्या मारतात, सकाळपासून, खड्या आवाजात, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. व्याही अलीकडे त्या हाकेच्या वेळी जपाची माळ हाती घेऊन बसू लागले आहेत असे कळते. मण्यामागे हाक मोजतात की हाकेमागे मणी ओढतात, हे दुरून समजत नाही. सुरतेचे मावसे फोनवर ‘ती कशी आहे?’ असे विचारतात, नाव घेत नाहीत.

परवा भाचीचा दूरध्वनी आला. पोर आता रांगू लागली आहे, उंबरा ओलांडते, आणि बाकी सगळी दारे उघडी असता नेमकी पश्चिमेच्याच दाराने बाहेर निघते.

‘मामा, तुम्हाला एक विचारायचं होतं,’ ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा आवाज यंत्रापासून दूर गेला. ‘तापे! अगं तापे, ती चप्पल आहे, तोंडातून काढ आधी! जिजी, तापीला धरा हो!’ मग काही आपटल्याचा, काही रडल्याचा आणि काही हसल्याचा ध्वनी आला व ती धापा टाकीत परत आली.

‘हां. तर विचारायचं असं होतं, मामा, ताश्वीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच एक बरं दिसेल की दोन?’